ओल्या लाकडाच्या बाकाला व्हार्निशची घाई नको

महोदय,

वादळात पडलेल्या किंवा छाटणीत निघालेल्या झाडाचा ओंडका जळणात न घालता त्याचे अंगणासाठी बाक करण्याची हौस स्तुत्यच आहे. मात्र बाक तयार होताच पावसापासून रक्षण म्हणून त्यावर सगळीकडून व्हार्निशचे दोन-तीन हात द्यावेत, असा जो सल्ला सर्रास दिला जातो, तो ओल्या लाकडाच्या बाबतीत अपायकारक ठरतो.

नुकत्याच तोडलेल्या झाडातील पाण्याचे वजन काही जातींत कोरड्या लाकडाच्या वजनाइतके, क्वचित त्याहूनही अधिक भरते. हे पाणी निघून जाण्याआधीच व्हार्निश, पॉलियुरेथेन किंवा ऑइलपेंटचा जाड थर चढवला, तर बाहेरचे पाणी अडो न अडो, आतले मात्र अडते. ऊन लागले की थराला फुगे येतात, लाकूड आकसू लागले की तो तडकतो आणि त्या फटींतून शिरलेल्या पावसाच्या पाण्याला परतीची वाट उरत नाही. ओलावा सुमारे २० टक्क्यांच्या खाली असला तर लाकूड कुजवणारी बुरशी वाढत नाही, पण अशा थराखाली तो तितका उतरायलाच फार काळ लागतो.

लगेच बंद करायची असतात ती फक्त कापलेली टोके. ओलावा बाजूंपेक्षा टोकांतून दहा ते पंधरा पट वेगाने निघतो, त्यामुळे टोके आधी आकसतात आणि आतला भाग अजून फुगलेलाच असल्याने तेथे तडे जातात. कापल्या दिवशीच टोकांना मेणाचे इमल्शन किंवा ते नसल्यास उरलेल्या ऑइलपेंटचे दोन दाट हात द्यावेत. सालही सोलून काढावी. ती दिसते छान, पण तिच्याखाली ओल आणि कीड दोन्ही टिकतात.

तरीही अख्खा गोल ओंडका फुटणारच, हे मान्य करून चालावे. ओलावा ३० टक्क्यांच्या आसपास उतरल्यावर लाकूड आकसू लागते आणि वलयांच्या दिशेने ते गाभ्यापासून सालीकडच्या दिशेच्या जवळपास दुप्पट आकसते. हा ताण कोणताही लेप थोपवू शकत नाही. ओंडका उभा चिरून अर्धा केला की ताण बराच हलका होतो. अख्खाच ठेवायचा असेल, तर बुडाच्या बाजूने लांबीभर, गाभ्यापर्यंत पोहोचणारा करवतीचा काप द्यावा, म्हणजे मोठा तडा बहुधा तेथेच, नजरेआड उघडतो. बैठकीवरच्या भेगांत पुट्टी भरणे मला तरी व्यर्थ वाटते, कारण लाकूड हलले की ती सुटते आणि तिच्या कडेने पाणी साचते. पाय मात्र पूर्ण वाळलेल्या लाकडाचे घ्यावेत. ओल्या बैठकीतील भोक वाळताना आवळते आणि पाय घट्ट धरून ठेवते.

हवेवर वाळायला फळीला दर इंच जाडीमागे सुमारे एक वर्ष लागते, असा सुतारांचा ठोकताळा आहे. बसण्यासाठी तितके थांबण्याचे कारण नाही. थांबायचे ते लेपासाठी. ओलावा मोजण्याचे मीटर २० च्या खाली दाखवू लागले की आत मुरणारे, बाहेरच्या वापरासाठीचे, रंगद्रव्य मिसळलेले तेल पातळ हातांनी लावावे आणि न मुरलेले पुसून घ्यावे. रंगद्रव्यामुळे उन्हाने लाकूड करडे पडण्याचा वेग मंदावतो. नुसते कच्चे जवसाचे तेल सावकाश वाळते व काळ्या बुरशीला खाद्य पुरवते, म्हणून ते टाळावे. पुढे शिंपडलेले पाणी थेंबांच्या रूपात न राहता मुरू लागले, की पुन्हा एक हात द्यावा. पाय मातीत न रोवता दगडावर टेकवावेत आणि त्यांची खालची टोके तेलाने भरपूर भिजवावीत, कारण बाक बहुधा तेथूनच कुजू लागतो.

तेल पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नये. जवसासारखी वाळणारी तेले हवेशी संयोग पावताना तापतात आणि असा बोळा आपोआप पेटू शकतो. चिंध्या उघड्यावर सुट्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

आपला,
एक वाचक