पँजियाची गोष्ट महासागरांशिवाय अपुरी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पृथ्वीच्या प्राचीन इतिहासावर वृत्तपत्रांत काही छापून आले की सोबत पँजिया या प्राचीन महाखंडाचा नकाशा हमखास असतो. सगळे खंड एकमेकांना चिकटलेले, मग ते फुटले, दूर सरकले आणि आजचे जग तयार झाले. यात खोटे काही नाही. पण त्यातून वाचकाचा समज असा होतो, की पँजिया ही सगळ्याची सुरुवात होती आणि त्याच्या भोवतीचा निळा रंग म्हणजे नुसती मोकळी जागा. भूविज्ञानाची मनापासून आवड असलेला वाचक म्हणून मला हे फार खटकते. खरा इतिहास त्या निळ्या रंगात आहे.

पँजिया जुळून आला तो सुमारे ३३ कोटी वर्षांपूर्वी आणि फुटू लागला साधारण २० कोटी वर्षांपूर्वी. पृथ्वीचे वय ४५४ कोटी वर्षे आहे, हे लक्षात घेतले तर पँजिया अगदी अलीकडचा ठरतो. त्याच्या आधी रोडिनिया नावाचा महाखंड होता, त्याच्याही आधी कोलंबिया. महाखंड जुळतो, फुटतो, पुन्हा जुळतो. आणि दोन भूभाग जुळायचे म्हणजे मधला महासागर नाहीसा व्हायलाच हवा. हा मुद्दा जवळजवळ कोणी सांगतच नाही.

आयापेटस या नाहीशा झालेल्या महासागराचेच पाहा. वायव्य स्कॉटलंड आणि वेल्स आज एकाच बेटावर आहेत. पण दोन्हीकडच्या सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत ट्रायलोबाइट नावाच्या सागरी प्राण्यांचे जे जीवाश्म मिळतात, ते वेगवेगळ्या जातकुळीचे आहेत. स्कॉटलंडचे ट्रायलोबाइट उत्तर अमेरिकेतल्या ट्रायलोबाइटांशी जुळतात, वेल्सचे जुळत नाहीत. पलीकडे कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावरही तोच प्रकार: पश्चिमेला अमेरिकी धाटणीचे जीवाश्म, पूर्वेला युरोपीय धाटणीचे. उथळ पाण्यातल्या या प्राण्यांना खोल महासागर ओलांडता येत नव्हता. १९६६ मध्ये कॅनडाचे भूशास्त्रज्ञ जे. टूझो विल्सन यांनी यातून थेट प्रश्न केला, की आजच्या अटलांटिकच्या आधी त्याच भागात दुसरा महासागर होता आणि तो मिटला, असे तर नसेल? उत्तर होकारार्थी निघाले. आयापेटस सुमारे ४२ कोटी वर्षांपूर्वी मिटला. पुढे पँजिया फुटताना अटलांटिक उघडला, पण जुन्या सांध्यावरून नेमका उघडला नाही. म्हणून जुन्या अमेरिकेचा एक तुकडा स्कॉटलंडच्या रूपाने युरोपकडे राहून गेला. पृथ्वीच्या इतिहासात याहून सुंदर तर्क मला माहीत नाही.

खंड टिकतात आणि महासागर मरतात, याचे कारण साधे आहे. खंडांचे कवच हलके, ते तरंगत राहते. सागरतळाचा बेसाल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा काळा खडक, समुद्राखालच्या मध्यसागरी पर्वतरांगांपाशी तयार होतो, दूर सरकताना थंड आणि जड होत जातो आणि शेवटी खोल गर्तांपाशी प्रावरणात, म्हणजे कवचाखालच्या थरात, बुडतो. त्यामुळे खंडांवर ४०० कोटी वर्षांचा खडक सापडतो, पण आजच्या मोठ्या महासागरांचा सर्वांत जुना तळ २० कोटी वर्षांच्या आतबाहेरचा आहे. पँजियाला वेढणाऱ्या अफाट पँथालसा महासागराचा तळ जवळजवळ सगळाच बुडाला.

बुडताना काही तुकडे मात्र वर येऊन खंडांच्या काठावर चढले. ओमानच्या डोंगरांत टेथिस या मिटलेल्या महासागराचा सुमारे साडेनऊ कोटी वर्षांपूर्वीचा सागरतळ कोरड्या जमिनीवर उघडा पडलेला आहे. तिथे लाव्हाचे गोल, फुगीर गोळे उशांसारखे एकमेकांवर रचलेले दिसतात. लाव्हा पाण्याखाली बाहेर पडला तरच त्याला असा आकार येतो. त्यांच्या खाली लाव्हा ज्या फटींतून वर आला त्या उभ्या भिंती आणि आणखी खाली चक्क प्रावरणाचा खडक. लडाखमध्ये सिंधूच्या खोऱ्यालगतही अशा खडकांचा पट्टा आहे. भारत आणि आशिया जिथे भिडले तो सांधा तोच.

टेथिसबद्दल एक चूक वारंवार छापली जाते, तीही सांगतो. एव्हरेस्टच्या माथ्यावरच्या चुनखडीत सागरी जीवाश्म आहेत, हे खरे. पण ‘भारत आशियावर आदळला तेव्हा मधल्या टेथिसचा तळ वर उचलला गेला, तोच हा’ असे लिहिणे बरोबर नाही. ती चुनखडी ४५ कोटी वर्षांहून जुनी आहे आणि गोंडवनाच्या, म्हणजे भारत ज्याचा भाग होता त्या दक्षिणेकडच्या महाखंडाच्या, उत्तर काठावरच्या उथळ समुद्रात साचलेली आहे. भारताच्या वाटेत जो टेथिस मिटला, त्याचा जन्म साधारण २८ कोटी वर्षांपूर्वीचा. टेथिस या नावाखाली एकामागून एक उघडलेले आणि मिटलेले निदान तीन महासागर येतात. काली गंडकीच्या पात्रातले शाळिग्राम, म्हणजे अमोनाइट या शंखधारी सागरी प्राण्यांचे जीवाश्म, हे मात्र या शेवटच्या टेथिसच्या काठचे.

सागरतळ नष्ट झाल्याचा आणखी एक परिणाम आहे. गेल्या सुमारे २० कोटी वर्षांत खंड कुठून कुठे सरकले, ते तळावरच्या चुंबकीय पट्ट्यांवरून नेमके मोजता येते. त्याआधीच्या काळासाठी आधार उरतो तो मुख्यतः खंडांवरच्या जुन्या खडकांतल्या चुंबकत्वाचा. त्यातून खडक कोणत्या अक्षांशावर घडला ते कळते, रेखांश कळत नाही. म्हणूनच रोडिनियात कोणता खंड कोणाच्या शेजारी होता यावर अजून वाद आहे. कोलंबिया तर २००२ मध्ये जॉन रॉजर्स आणि एम. संतोष यांनी मांडलेली कल्पना, तिचे नकाशे आणखी कच्चे. वृत्तपत्रांत मात्र हे सगळे नकाशे सारख्याच ठसठशीत रेघांनी छापले जातात. पुढच्या महाखंडाचेही तसेच. अटलांटिक मिटून तो होईल की आर्क्टिकच्या बाजूने खंड जुळतील, यावर तज्ज्ञांचे एकमत नाही. तरी एकच चित्र भविष्य म्हणून दिले जाते.

म्हणून विनंती आहे. या विषयावरचा नकाशा छापताना त्याखाली तो कोणत्या काळाचा आहे ते द्यावे, पँथालसा आणि टेथिस यांची नावे लिहावीत आणि रोडिनिया किंवा त्याआधीचा नकाशा असेल तर तो अनेक मांडण्यांपैकी एक आहे, एवढे वाक्य जरूर जोडावे. जागा कमी असेल तर डायनासोरचे चित्र गाळले तरी चालेल.

आपला,
एक नियमित वाचक