सर्व्हिस-रिटर्नच्या आकड्यांची तुलना काळ पाहून व्हावी

महोदय,

वेगवेगळ्या काळांतले टेनिसपटू पीट सॅम्प्रास आणि नोव्हाक जोकोविच यांच्या सर्व्हिस व रिटर्नच्या (सर्व्हिस परतवण्याच्या) टक्केवाऱ्या ‘सार्वकालिक’ तक्त्यांत शेजारी मांडून श्रेष्ठत्वाचा निवाडा करण्याची पद्धत मला मनापासून खटकते. गोरान इव्हानिसेविचने १९९६ च्या एकाच हंगामात १,४७७ एस (प्रतिस्पर्ध्याच्या रॅकेटचा स्पर्शही न होता गुण देणाऱ्या सर्व्हिस) नोंदवले, तेव्हा इनडोअर स्पर्धा वेगवान कार्पेटवरही (गालिच्यासारख्या पृष्ठभागावरही) होत असत. पुढे २००१ मध्ये विम्बल्डनने संपूर्ण रायग्रास या गवताचा अवलंब केला, २००९ पासून एटीपी या पुरुष टेनिस संघटनेच्या दौऱ्यातून कार्पेट हद्दपार झाले आणि रॅकेटच्या पॉलिएस्टर तारांमुळे जोरदार रिटर्नही कोर्टात ठेवणे सोपे झाले; म्हणजे सर्व्हिस करणाऱ्याला मिळणारा फायदा काळाबरोबर बदलत गेला.

रिटर्नचा आकडा तर अधिकच फसवा, कारण त्यात प्रतिस्पर्ध्याच्या सर्व्हिसचे बळही मिसळलेले असते. एकाने मिळवलेला ब्रेक म्हणजे दुसऱ्याने गमावलेली सर्व्हिस. म्हणून खेळाडूची टक्केवारी त्याच वर्षाच्या, त्याच पृष्ठभागावरील सरासरीपेक्षा किती वर होती, हे मोजणेच न्याय्य ठरेल. शिवाय एटीपीची अशी तपशीलवार नोंद १९९१ पासूनचीच असल्याने, १९६२ व १९६९ मध्ये चारही ग्रँड स्लॅम जिंकणारा रॉड लेव्हर या तक्त्यांत दिसतच नाही. ‘सार्वकालिक’ हा शब्द अशा तक्त्यांच्या मथळ्यात आपण छापू नये, ही कळकळीची विनंती.

– एक टेनिसप्रेमी वाचक, पुणे