चौथ्या दिवशी रडेल, असं सांगणाऱ्या काकूंना

प्रिय काकू,

हे समोर बसून बोलायला गेले असते तर "पुरे गं, चहा टाक आधी" म्हणून तुम्ही उडवून लावलं असतं. म्हणून लिहिते आहे, तेही चारचौघांत. आता उडवता येणार नाही.

मार्चमध्ये मी तळमजल्यावर तुमच्याकडे आले तेव्हा माझ्या पिशवीत काय काय होतं, आठवतंय? अक्षरं गिरवायची तीन पुस्तकं, अंकांचा तक्ता आणि जाड पेन्सिली. माझ्या ठमीला छोट्या शिशूत प्रवेश मिळाला होता. नोव्हेंबरात चार पूर्ण होणार होती आणि त्याआधी, जूनच्या आतच, तिला सगळी मुळाक्षरं आली पाहिजेत असं मी मनाशी ठरवलं होतं. त्याआधी एका शाळेत आमची फजिती झाली होती ना! तिथल्या बाईंनी ठोकळा समोर धरून "हा कोणता रंग?" विचारलं, तर ही म्हणाली, "तुम्हाला नाही माहीत?" तिथे काही प्रवेश मिळाला नाही. 2009च्या शिक्षण हक्क कायद्यात, 13व्या कलमात, प्रवेशासाठी मुलांना किंवा पालकांना चाळणी लावायला मनाई आहे, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मला राग आला. तोवर मला नुसती लाज वाटत होती, आणि ती माझ्या साडेतीन वर्षांच्या पोरीची. हे लिहितानाही बरं वाटत नाहीये.

तुम्ही पुस्तकांकडे बघितलंसुद्धा नाहीत. ठमीला जवळ घेऊन विचारलंत, "डबा उघडता येतो का गं तुला?"

नव्हता येत. मी हौसेने आणलेला चार बाजूंनी खटके असलेला डबा तर मलाच जोर लावून उघडावा लागायचा. तुम्ही फडताळातून जुना स्टीलचा, सैल झाकणाचा डबा काढलात आणि त्यात चार शेंगदाणे टाकून तिच्या हातात दिलात. उघड, खा, लाव. पुन्हा उघड. तिची शाळा त्या दिवशी सुरू झाली असं मी धरते.

मग एप्रिल-मे तुमच्या स्वयंपाकघरात गेला. मटकी आणि चवळी एकत्र करून ती वेगळी करायची. कणकेच्या गोळ्या वळायच्या. ओला फडका पिळायचा. मी दोनदा-तीनदा विचारलं, "काकू, लिहायला कधी घेणार?" तुम्ही म्हणालात, "हेच चाललंय. बोटांत जोर आल्याशिवाय पेन्सिल धरून काय करेल?" मला पटलं नव्हतं, खरं सांगते. रात्री गुपचूप मी तिच्याकडून 'अ' गिरवून घेत होते. दोघीही रडकुंडीला यायचो. हे तुम्हाला आज पहिल्यांदाच कळतंय.

'टिंगटिंग'चं मात्र तुमच्याशिवाय कुणाच्या लक्षातही आलं नसतं. ठमीला शू लागली की ती 'टिंगटिंग' म्हणते, हा तिच्या आजोबांनी पाडलेला शब्द. आमच्या घरात सगळ्यांना कळतो, म्हणून आम्हाला काही वाटायचंच नाही. तुम्ही म्हणालात, "आणि शाळेत कुणाला कळणार? पोरगी टिंगटिंग म्हणत राहील आणि बाई समजतील गाणं म्हणतेय." मग "बाई, मला शू लागली" हे वाक्य, चड्डी खाली-वर करणं, हात धुणं, सगळं बसवलंत. रेनकोटसुद्धा! मे महिन्याच्या रखरखीत उन्हात गॅलरीत रेनकोट घालून उभी असलेली ठमी, आणि तिच्यावर तांब्याने पाऊस पाडणाऱ्या तुम्ही. डोंबिवलीत जूनमध्ये शाळा सुरू होते म्हणजे काय, हे पेन्सिली घेताना माझ्या डोक्यात कुठे होतं?

तुम्ही मध्येच कोसबाडच्या टेकडीबद्दल बोलायचात. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये डहाणूकडच्या बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं आणि 1957 मध्ये ते जवळच्या कोसबाडला नेलं. पाड्यावरची मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ बालवाडीच त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या. शिंपले, बिया, पानं, हीच खेळणी. मुलांना आंघोळ घालणं, नखं कापणं हाही शिक्षणाचाच भाग. मी तेव्हा मान डोलवत मोबाइल बघत असे. मटकी-चवळी कुठून आली ते आता कळतंय.

आणि माझी तयारी. ती तुम्ही करून घेतलीत आणि ती जास्त अवघड गेली. ठमी खेळात रमली की मी हळूच सटकायचे, लोकल गाठायची असायची ना. एकदा तुम्ही दारातच अडवलंत. "पळून जायचं नाही. सांगून जा. रडली तरी चालेल, पण आई न सांगता नाहीशी होते हे तिला शिकवू नकोस." मग रोज तेच दोन शब्द, "येते गं", एक पापा आणि मागे वळून बघायचं नाही. पहिल्यांदा जिना उतरताना माझेच पाय लटपटत होते.

शाळेच्या पहिल्या दिवशी ती हसत आत गेली. मी तुम्हाला फुशारकीने फोन केला, तर तुम्ही म्हणालात, "चौथ्या दिवशी रडेल. आता रोजच जायचंय हे कळलं की रडतात." चौथ्या दिवशी तिने फाटकाचा गज धरून जो काही गळा काढला! मी "येते गं" म्हटलं, पापा घेतला आणि निघाले. वळले नाही. रिक्षात बसून रडले, ते तिला दिसलं नाही. दुपारी ती घरी आली ती रेनकोट उलटा घालून, पण स्वतः घालून.

तुमचा स्टीलचा डबा अजून आमच्याकडेच आहे. परत करायचं म्हटलं की ती तो पोटाशी धरते आणि म्हणते, हा काकूआजीचा नाही, माझा आहे. खटक्यांच्या डब्यात मी आता मोहरी ठेवते.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची ठमीची आई