मंत्रिमहोदय, आधी खाजणाचं तोंड उघडा

मा. पर्यावरणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

पावसाळ्याआधी आमच्या सेक्टरमागच्या खाजणाचं, म्हणजे भरतीचं पाणी खेळणाऱ्या खाऱ्या दलदलीचं, तोंड मोकळं करू, असा शब्द अधिकारी देऊन गेले होते. आषाढ सरत आला, तोंड बुजलेलंच आहे. आली ती जनजागृतीची गाडी. ‘निसर्गाकडे पाहण्याचा दृष्टिकोन बदला’ असं भोंग्यावरून सांगून, शपथ देऊन, कापडी पिशव्या वाटून गेली. आभारी आहोत.

दृष्टिकोन बिघडतो कसा, तेही ऐका. खाजणाचं तोंड म्हणजे रस्त्याखालचा पाइप. त्याचा तळ चिखलाच्या पातळीला हवा. तो रस्त्याच्या सोयीने हातभर वर बसवला, की रोजची भरती आत शिरत नाही. शिरतं फक्त अमावस्या-पौर्णिमेचं उधाण, आणि आत आलेलं पाणी पाइपाच्या तळाखाली उतरत नाही. डासाचं अंड्यापासून पंखापर्यंत आठ-दहा दिवसांत उरकतं. दोन उधाणांत अंतर साधारण पंधरा दिवसांचं. एक पिढी आरामात उडते. रोजचं पाणी खेळतं असतं तर अळ्या वाहून गेल्या असत्या, उरलेल्या माशांनी खाल्ल्या असत्या. आता खिडक्या बंद, शेवाळ कुजल्याचा वास, संध्याकाळी धुराची फवारणी. तिने उडते डास मरतात, पाण्यातल्या अळ्यांना काही होत नाही. मग सोसायटीच्या सभेत ठराव येतो: डबकं बुजवा. अशा माणसांना तुम्ही जैवविविधतेची शपथ देता!

तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, चिखलातून वर काढलेल्या मुळांनी श्वास घेतात. ती कायम बुडाली की झाड गुदमरतं. वाळलं की कागदावर ‘खारफुटी नाही’, आणि पुढे भूखंड. हा क्रम एव्हाना शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. 2018 मध्ये उच्च न्यायालयाने खारफुटीभोवती 50 मीटर मोकळे ठेवायला सांगितलं. पाणी अडवून मारलेल्या झाडाभोवती कुठून मोजायचे हे 50 मीटर? 2022 मध्ये ठाणे खाडी महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली, फलक लागले. 2024 च्या उन्हाळ्यात नेरुळचा डीपीएस तलाव कोरडा पडला, त्या परिसरात फ्लेमिंगो मेले. भिंतींवरचे रंगवलेले मात्र ठणठणीत आहेत.

आणि हवामानबदल! खाजणाच्या ओल्या चिखलात कार्बन दडून राहतो, कारण तिथे हवा पोचत नाही. भराव घालण्यासाठी तो उपसला, सुकवला की तोच कार्बन हवेत. शिवाय उधाण आणि मुसळधार पाऊस एका वेळी आले, तर पाणी मुरवायला जागा कुठे? 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला होता, हे मंत्रालयात कुणाला आठवतं का?

आगरी-कोळ्यांच्या खारबंदिस्तीला, म्हणजे खारं पाणी अडवणाऱ्या बांधाला, उघाडी असायची: पाणी घ्यायचं-सोडायचं दार. पाणी कधी घ्यायचं, कधी सोडायचं, हे गावात ठरायचं. त्यांच्या जमिनी घेतल्या, उघाडीची अक्कल मात्र कुणी घेतली नाही. आता एका पाइपासाठी चार खाती एकमेकांकडे बोट दाखवतात.

मागणं थोडकं आहे. पाइप खाली घ्या आणि जोडीला आणखी टाका. एकट्या पाइपात गाळ धरतोच. साफसफाई भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमारास भरती लहान असते त्या, दिवसांत ओहोटीला करा. प्लास्टिक अडवायला जाळी लावा, पण मासा जाईल अशी मोठ्या डोळ्याची, आणि ती आठवड्याला उपसा. जबाबदार अभियंत्याचं नाव फलकावर लिहा. फलक तुम्हाला आवडतातच.

येत्या भांगाच्या भरतीला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोजपट्ट्या ठोका. बाहेर पाणी चढलं आणि आत हललं नाही, तर अहवालाची गरज नाही. अधिकारी पाठवा, गमबूट आम्ही देऊ.

आपले,
खाजणाकाठचे रहिवासी, नवी मुंबई