सॉफ्टवेअर खरेदीपूर्वी स्क्रीन रीडरची चाचणी व्हावी

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

शासकीय व निमशासकीय कार्यालये आणि सहकारी बँका नवे सॉफ्टवेअर घेताना किंमत, सुरक्षितता आणि विक्रीनंतरची सेवा काटेकोरपणे तपासतात. ते स्क्रीन रीडरने (पडद्यावरील मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने) चालते का, हा प्रश्न मात्र खरेदी होऊन गेल्यावर, आणि तोही बहुधा एखाद्या अंध कर्मचाऱ्याकडून, पहिल्यांदा विचारला जातो. मी स्वतः अंध असून रोजचे काम एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरवर करतो, म्हणून या विषयाकडे आपले आणि वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

पडद्यावरील बटणाला सॉफ्टवेअर तयार करणाऱ्याने जे नाव दिलेले असते, तेच स्क्रीन रीडर बोलून दाखवतो. आमच्या कार्यालयातील फायलींच्या प्रणालीत ‘मंजूर’ आणि ‘परत पाठवा’ यांसाठी केवळ चित्रे आहेत. त्यांना नावेच दिलेली नसल्यामुळे दोन्ही ठिकाणी मला फक्त ‘बटन’ एवढेच ऐकू येते आणि प्रत्येक फाईल पुढे पाठवताना शेजारच्या सहकाऱ्याला विचारावे लागते. फाईलवरील शेऱ्याची जबाबदारी माझी, पण तो योग्य ठिकाणी गेला की नाही हे दुसऱ्याने पाहून सांगायचे, ही स्थिती कोणत्याही अधिकाऱ्याने स्वतःसाठी मान्य केली नसती. दुरुस्ती अगदी किरकोळ आहे. पण करारात तशी अट नसल्यामुळे पुरवठादार ती मनावर घेत नाही.

पत्रे व अहवाल लिहिण्याच्या सॉफ्टवेअरची निवडही केवळ किमतीवर होऊ नये. साधी पत्रे आणि सोपे तक्ते यांसाठी मोफत मिळणारे लिबर ऑफिस मला पुरेसे वाटते. मात्र एकाच मसुद्यावर चार-पाच जणांच्या दुरुस्त्या आणि टिप्पण्या असतील, तर कोणी काय बदलले हे ऐकून समजण्यासाठी मायक्रोसॉफ्ट वर्ड अधिक भरवशाचे आहे, असा माझा अनुभव आहे. गुगल डॉक्समध्ये स्क्रीन रीडरचा पर्याय आधी सुरू करावा लागतो आणि त्याच्या कळा वेगळ्या असल्याने त्या नव्याने शिकाव्या लागतात. त्यामुळे सर्वांसाठी एकच सॉफ्टवेअर ठरवण्याआधी ज्याला ते कानाने वापरायचे आहे, त्याला विचारणे आवश्यक आहे.

मराठीत याहून जुनी एक अडचण आजही कायम आहे. युनिकोड ही संगणकात अक्षरे साठवण्याची सर्वमान्य पद्धत येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो; संगणकाच्या दृष्टीने मात्र ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक माळ असते, आणि स्क्रीन रीडर तीच वाचत सुटतो. सही-शिक्क्यासह स्कॅन करून पाठवलेल्या परिपत्रकात तर वाचण्याजोगे अक्षरच नसते. अशा वेळी महागातले महाग सॉफ्टवेअरही निरुपयोगी ठरते. परिपत्रकाची युनिकोडमधील मूळ प्रत सोबत जोडणे कोणत्याही कार्यालयाला अवघड नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार शासकीय नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी किमान चार टक्के जागा राखीव असून त्यांतील एक टक्का अंध व अल्पदृष्टी उमेदवारांसाठी आहे. माहिती तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेसाठी, म्हणजे ते दिव्यांगांनाही वापरता यावे यासाठी, भारतीय मानक ब्युरोचे आयएस १७८०२ हे मानकही उपलब्ध आहे. सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवून चालणार नाही, ते सक्तीचे असले पाहिजेत, हे सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणाच्या निकालात स्पष्ट केले आहे. तरीही नोकरी राखीव आणि नोकरीचे साधन मात्र बंद, अशी अवस्था अनेकांच्या वाट्याला येते.

माझी विनंती अशी, की प्रत्येक निविदेत आयएस १७८०२ ची अट घालावी आणि देयक मंजूर करण्यापूर्वी अंध कर्मचाऱ्याकडून प्रत्यक्ष चाचणी करून घ्यावी. माउस बाजूला ठेवून, केवळ कळफलक आणि आवाज यांच्या आधारे लॉग-इन करणे, फाईल उघडणे, शेरा लिहिणे, तक्ता वाचणे आणि फाईल पुढे पाठवणे एवढी कामे झाली पाहिजेत. लॉग-इनच्या वेळी चित्रातील अक्षरे ओळखायला लावणारा कॅप्चा असेल, तर त्याला ध्वनीचा किंवा ओटीपीचा पर्याय हवा. शिवाय एखाद्या अद्ययावतीकरणानंतर कालपर्यंत बोलणारे बटण आज मुके होऊ शकते. म्हणून हीच चाचणी वार्षिक देखभालीच्या करारातही नमूद करावी आणि बिघाड ठरलेल्या मुदतीत दुरुस्त करण्याची जबाबदारी पुरवठादारावर लेखी टाकावी.

आपला विश्वासू,
एक अंध कर्मचारी, पुणे