शिकारीसाठी जमीन घेताना आधी प्रदेश पाहा

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

टेक्सासमध्ये स्थायिक झालेली आपली काही तरुण मंडळी अलीकडे कार्यालयातल्या सहकाऱ्यांबरोबर हरणांच्या शिकारीला जाऊ लागली आहेत. मी गेली बरीच वर्षे ह्यूस्टनला राहतो आणि हा नाद मला जुना असल्याने ऑक्टोबर उजाडला की त्यांचे फोन येतात : शिकारीसाठी जमीन खंडाने घ्यायची आहे, कोणता भाग बरा? हा प्रश्न ऑक्टोबरात विचारणे म्हणजे उशीरच झाला, पण त्याहून मोठी चूक अशी, की बहुतेकांनी मोठ्या शिंगांच्या नराचा फोटो पाहून उत्तर मनात आधीच ठरवलेले असते. म्हणून हे पत्र.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हरणाची शिकार हा गुन्हा आहे, त्यामुळे इथली व्यवस्था आपल्याकडच्या वाचकांना चमत्कारिक वाटेल. टेक्सासमधली सुमारे ९५ टक्के जमीन खासगी मालकीची आहे. रानातले हरीण मात्र मालकाचे नसून राज्यातील जनतेचे असते. मालक आकारतो ते आपल्या जमिनीत पाऊल ठेवू देण्याचे पैसे. कोणी एकरावर हिशेब करतो, कोणी माणशी. हरीण किती आणि कोणते मारायचे हे राज्याच्या परवान्यावर ठरते, आणि मालकाच्या अटी बहुधा त्याहून कडक असतात.

ह्यूस्टनहून वायव्येला गेलात की ऑस्टिनच्या पलीकडे हिल कंट्री लागते. लॅनो, मेसन, फ्रेडरिक्सबर्ग, कर्व्हिल ही तिथली गावे. बहुतेक ठिकाणी चुनखडीवर मातीचा पातळ थर, सदाहरित ओक आणि सीडरची झाडी, आणि पांढऱ्या शेपटीच्या हरणांची दाटी एवढी, की टेक्सासात दुसरीकडे कुठे नाही. नवजात पाडसांच्या नाळेच्या जखमेत अंडी घालणाऱ्या स्क्रूवर्म माशीचा १९६० च्या दशकात बंदोबस्त झाला आणि हरणांची संख्या झपाट्याने वाढली, असे तिथले जुने पशुपालक सांगतात ते खरेच आहे. या दाटीमुळे अंगाने लहान, शिंगाने मध्यम अशी हरणे मिळतात. नवशिक्याला आणि घरच्या मांसासाठी जाणाऱ्याला मी हाच प्रदेश सुचवतो. दिवसभर मचाणावर बसून एकही हरीण न दिसता परत येणे इथे क्वचित घडते, आणि पहिल्या दोन हंगामांत माणूस शिकतो तो हरणे पाहूनच.

मात्र तिथेही जमीन प्रत्यक्ष पाहावी. लॅनोजवळ एका फेब्रुवारीत मी एक जागा पाहायला गेलो होतो. ओकच्या झाडांखालची पाने छातीच्या उंचीपर्यंत कात्रीने कापावीत तशी एका सरळ रेषेत नाहीशी झाली होती. त्या रेषेच्या वर गर्द हिरवे आणि खाली नुसत्या काड्या. हरणाचे तोंड पोहोचेल तिथवरचे सगळे खाऊन संपले होते. मालक अभिमानाने सांगत होता, की इथे एका सकाळी तीस हरणे दिसतात. ती दिसणारच, कारण उपाशी हरणांना मका टाकणाऱ्या यंत्राशिवाय जायला जागा उरली नव्हती. अशा जमिनीवर माद्या पुरेशा मारल्या जात नाहीत, आणि शिकारी फक्त नराच्या मागे राहिला तर जमीन आणि कळप दोन्ही खंगतात. मी ती जागा घेतली नाही.

दक्षिण टेक्सासचे आकर्षण मला कळते, कारण माझे बालपण कर्जत तालुक्यात, रेहेकुरीच्या काळविटांच्या माळाजवळ गेले. कोटुला, फ्रीअर, लरेडो या पट्ट्यात पोहोचलो की फड्या निवडुंग आणि आपल्या वेड्या बाभळीची सख्खी बहीण शोभणारे मेस्किट पाहून घरी आल्यासारखे वाटते. त्या काटेरी झुडपांच्या पाल्यात कस असतो, वाड्या (इथले रँच) हजारो एकरांच्या असतात, नरांना पाच-सहा वर्षांचे होईपर्यंत राखले जाते, आणि या तिन्ही गोष्टींमुळे तिथली शिंगे नावाजलेली आहेत. पण तीच शिंगे खंडाचा दर चढवतात. शिवाय पाऊस बेभरवशाचा. अवर्षणाच्या वर्षी त्याच नराची शिंगे आदल्या वर्षापेक्षा कमी भरतात. आम्ही सात जणांनी एकदा तिकडची जमीन केवळ फोटो पाहून घेतली. फोटो भरपावसाच्या वर्षाचे होते. आम्ही पोहोचलो तेव्हा तळे कोरडे, शेजारच्या वाडीला हरणांना ओलांडता न येणारे उंच कुंपण, आणि आमच्या वाट्याची जमीन सात बंदुकांना पुरेल एवढी मुळातच नव्हती. ह्यूस्टनहून चार तासांचा रस्ता असल्याने संपूर्ण हंगामात माझ्या तीनच फेऱ्या झाल्या. भरलेले पैसे परत मिळण्याची तरतूद करारात नव्हती, आणि तो करार न वाचता सही करणारे आम्हीच होतो.

पूर्वेकडचा पाइनचा प्रदेश ह्यूस्टनकरांना सर्वांत जवळचा. लफकिन दोन तासांवर. लाकूड कंपन्या तिथली जमीन शिकारी मंडळांना खंडाने देतात. पाऊस मुबलक, रान दाट, आणि मचाणावरून पुष्कळदा पन्नास वारांपलीकडचे दिसत नाही, त्यामुळे हरणे कमी दिसतात. पूर्वेच्या अनेक काउंट्यांत (म्हणजे इथल्या जिल्ह्यांत) नराचा एक विशेष नियम आहे : निदान एक शिंग बिनफाट्याचे हवे किंवा दोन्ही शिंगांमधले आतले अंतर १३ इंच तरी हवे. टवकारलेल्या कानांच्या बाहेर शिंगे गेलेली दिसली तर नर चालेल, असा अदमास बांधतात. अंधुक उजेडात हे ओळखता येत नसेल तर गोळी झाडू नये. मला मात्र हा प्रदेश आवडतो, कारण शनिवारी पहाटे निघून संध्याकाळी मुलांबरोबर जेवायला घरी येता येते, आणि जिथे वारंवार जातो तिथलीच पायवाट, वारा आणि ओढा माणसाला ओळखू येतो.

पश्चिमेला डेव्हिस पर्वताकडे म्यूल डियर ही मोठ्या कानांची हरणे मिळतात. तिथला हंगाम छोटा, हरणे विरळ, आणि ह्यूस्टनहून आठ तासांहून अधिक गाडी हाकावी लागते. तिकडे वर्षभराची जमीन घेण्यापेक्षा एखाद्या वर्षी चार दिवसांपुरते जावे. उत्तरेकडच्या मैदानी भागातली हरणे अंगाने दांडगी असतात, पण तो भाग डलासच्या मंडळींना जास्त सोयीचा.

आपल्या लोकांना हिल कंट्रीत आणखी एक गोष्ट भेटते. १९३२ च्या सुमारास टेक्सासात आणलेले, मूळचे भारतातले चितळ आणि काळवीट तिथे मोकळे फिरतात, आणि परदेशी प्राणी म्हणून त्यांना बंद हंगाम नाही. कर्व्हिलजवळ संध्याकाळी चितळाची हाक ऐकली आणि क्षणभर मी बंदूक खाली ठेवली. ज्या प्राण्याला गावाकडे हात लावणे गुन्हा, तो इथे स्थानिक हरणांचा चारा खातो म्हणून मारणे योग्य ठरते, हे मनाला पटायला मला वेळ लागला. आता मी चितळाची मादी मारतो आणि ते मांस घरात खाल्ले जाते. पण कोणी नाही म्हणाले तर त्याला आग्रह करू नये.

नियमांविषयी थोडेसे. १९७१ च्या २ सप्टेंबरला किंवा नंतर जन्मलेल्यांना शिकारीचे प्रशिक्षण सक्तीचे आहे. एच-१बी व्हिसावरच्या व्यक्तीला संघराज्याच्या कायद्यानुसार एरवी बंदूक बाळगता येत नाही. एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना जवळ असणे हा त्यातला अपवाद आहे, म्हणून परवाना आधी काढावा आणि मगच मित्राच्या बंदुकीला हात लावावा. हरणांचा मेंदू पोखरून त्यांना झिजवणारा ‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीज’ हा असाध्य रोग टेक्सासात प्रथम २०१२ मध्ये आढळला. ज्या भागात त्याचे निर्बंध आहेत तिथे जमीन घेताना मारलेल्या हरणाच्या तपासणीचे आणि त्याचे धड वाहून नेण्याचे नियम विचारून घ्यावेत. आणि पहिल्याच वर्षी खंडाचे ओझे नको असेल, तर राज्याच्या वन्यजीव विभागाचा सार्वजनिक शिकारीचा वार्षिक परवाना पन्नास डॉलरांच्या आत मिळतो. त्यावर एक हंगाम वेगवेगळे प्रदेश पायाखाली घालता येतात.

ज्यांना पुढच्या हंगामासाठी जमीन हवी आहे त्यांनी जानेवारीत हंगाम संपताच बाहेर पडावे. तेव्हा पाने गळलेली असतात, जुन्या पायवाटा उघड्या दिसतात, आणि सोडून जाणारे शिकारी तिथेच भेटतात. ते जागा का सोडत आहेत, हे मालकाला नव्हे तर त्यांना विचारावे.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक, ह्यूस्टन