बाबांच्या गोळ्या आणि माझं जाणं

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर सांगितलं असतं तर आईने विषय जेवणावर नेला असता आणि बाबांनी फोन तिच्या हातात दिला असता. म्हणून लिहिते. बार्सिलोनाची नोकरी मी घेतली आहे, होकार कळवून झाला. चवथ करूनच निघेन, गणपतीवरची माटोळीही मीच बांधेन. दादाशी मी बोलते, तुम्ही विषय काढू नका.

घर टाकून चालले असं मात्र म्हणू नका. काम तेच, हिवतापाच्या परजीवीचं, आणि ते जिथे चाललंय तिथे जावंच लागतं. पगार बरा आहे, दर वर्षी येता येईल, काकांच्या वेळेसारखं मी होऊ देणार नाही. इन्व्हर्टरची बॅटरी जाण्याआधी बदलून घेते. न्हाणीघरात धरायला दांडा बसवायचा होता, तो आईचा हात पोचेल एवढ्याच उंचीवर हवा. बसवणाऱ्याच्या सोयीने नको.

बाबा, आता तुमचं. हिवतापाच्या गोळ्या अर्ध्यावर सोडून तुम्ही म्हणता, "ताप जंतूला जाळतो, येऊ दे". हे अगदीच खोटं नाही. अंग चाळीस-एक्केचाळीस अंशांवर गेलं की रक्तपेशीत वाढून मोठे झालेले परजीवी बरेच मरतात. नुकते शिरलेले कोवळे मात्र तग धरतात. उष्णतेने पेशीतली प्रथिनं उलगडतात आणि एकमेकांना चिकटतात. नारळाचा रस उकळला की फुटतो, मग कितीही ढवळा, तसं. ते टाळायला पेशी मदतनीस प्रथिनं बनवते, ती बिघडू लागलेल्याची पुन्हा नीट घडी घालतात. १९६२ मध्ये इटलीत रिटोसा या शास्त्रज्ञांना फळमाशीत याचा पहिला माग लागला, तोही म्हणे इन्क्युबेटरचं तापमान कुणीतरी वाढवून ठेवल्यामुळे. तुमच्या-माझ्या पेशींतही हीच व्यवस्था आहे. पण आपल्यात ही मदत सुरू करणारं जे प्रथिन आहे, ते परजीवीकडे नाहीच. त्याचं काम तो दुसऱ्याच एका प्रथिनाकडून करून घेतो, हे बार्सिलोनाच्या गटाने २०२१ मध्ये दाखवलं. ते काढून टाकलं की तापाच्या उष्णतेत परजीवी टिकत नाही. (हे फाल्सिपॅरम या जातीच्या परजीवीमध्ये. तुम्हाला झालेला व्हायवॅक्स ही दुसरी जात, प्रयोगशाळेत वाढवायला महानाठाळ.) मी जातेय ती यासाठीच.

डासाच्या अंगातून थेट माणसाच्या सदतीस अंशांत येणारा हा प्राणी; तो तुमच्या तापाला भिणार नाही. शिवाय व्हायवॅक्स यकृतात झोपून राहतो आणि महिन्यांनी उठतो. तुमची प्रायमाक्विनची गोळी त्या झोपलेल्यासाठी असते, पूर्ण चौदा दिवस. डबीत गोळ्या उरल्यात हे आईने सांगितलं, तिच्यावर रागावू नका. तिला झोप लागत नव्हती.

लहानपणी मला ताप चढला की आई कपाळावरच्या पट्ट्या बदलत बसायची आणि तुम्ही पायांशी बसून, माझे तळवे हातात धरून, उगाच पावसाला शिव्या द्यायचात. मग पेज आणि खारातला आंब्याचा तोर. अजून ताप म्हटलं की मला तीच चव आठवते. तेव्हा कडू औषध कोण पाजत होतं, सांगा बघू?

तर उद्याच डबी घेऊन आरोग्य केंद्रात जा आणि राहिलेल्या गोळ्या पुढे कशा घ्यायच्या ते विचारा. स्वतःच्या मनाने पुन्हा सुरू करू नका. जी-सिक्स-पीडीची तपासणी झाली होती ना, तेही विचारा; रक्तपेशींना जपणारं ते विकर कमी असेल तर ही गोळी बाधते. गोळी उपाशीपोटी नको. लघवी काळपट दिसली तर गोळी थांबवून लगेच डॉक्टर. आणि गच्चीवरच्या टाकीचं झाकण! हिवतापाचे आपल्याकडचे डास असल्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यातही वाढतात. आई, तू वर चढायचं नाहीस, शेजारच्या पोराला सांग. मच्छरदाणी गरम होते हे कारण चालणार नाही, पंखा आत घ्या.

केंद्रातून आलात की मेसेज करा. नुसता अंगठा नको, डॉक्टर काय म्हणाले ते लिहा.

तुमची,
बाय